आठ किलोंचा ताळेबंद

साठी उलटलेल्या माणसानं कार्बन फायबरची सायकल घेतली, की लोक त्याच्याकडे दोन प्रकारे पाहतात. किंमत ठाऊक नसलेले कौतुकानं, आणि ठाऊक असलेले काळजीनं. आमच्या घरी अर्थातच दुसरा प्रकार. ‘दीड लाख मोजले, आणि साधं स्टँडही नाही,’ हा सौभाग्यवतींचा अभिप्राय. तो वस्तुस्थितीला धरून असल्यानं मी वाद घातला नाही.

1982 साली मी बँकेत लागलो, तेव्हा सायकल ही गरज होती. दूधवाल्यांना सायकलीसाठी दिलेल्या कर्जांच्या कागदांवर माझ्या सह्या आहेत. वीसेक किलोंची ती लोखंडी सायकल कॅन वाही आणि घरही चालवी. माझी आठ किलोंची. ती दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी असते.

केसाहून बारीक असे कार्बनचे धागे, त्यांचे थरावर थर, मध्ये इपॉक्सी राळ. मग साच्यात उष्णता आणि दाब देऊन ते घट्ट करायचे. जिथे जोर अधिक, तिथे थर अधिक. 1986 साली ग्रेग लेमाँडनं टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या सायकलीवर. पुढे हलकेपणाची चढाओढ इतकी वाढली, की 2000 सालापासून शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोंपेक्षा कमी असू नये, असा नियमच झाला.

पण माझ्यासारख्याला याचा उपयोग किती? हिशेब मांडायची सवय जात नाही. माझं वजन सत्तर. जुन्या सायकलीसह नव्वद, हिच्यासह अठ्ठ्याहत्तर. चढावर बहुतेक ताकद वजन वर नेण्यातच खर्च होते, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र दहा किलोंची अ‍ॅल्युमिनियमची सायकल याहून कितीतरी स्वस्त मिळते. म्हणजे जादा पैसे मोजले ते दोन किलोंसाठी. सपाटीवर तर खरा विरोधक वारा. तिथे या दोन किलोंना कोण विचारतो! ‘दोन किलो तुम्हीच फुकटात कमी केले असते,’ असंही घरात ऐकवलं गेलं.

एक गोष्ट मात्र या सायकलीनं शिकवली. लोखंड वाकतं, म्हणजे आधी सूचना देतं. कार्बनला जोराचा मार बसला, तर आत तडा जाऊनही बाहेरचा रंग शाबूत राहू शकतो. म्हणून बोल्ट मोजून आवळायचे, आणि ती कुठे आदळलीच तर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यायची. आमचे डॉक्टर म्हणतात, सायकलिंगनं हृदयाचं भलं होतं, पण हाडांसाठी चालणं आणि थोडी वजनं उचलणं हवंच. साठीतलं शरीर तरी वेगळं काय असतं? वरून ठणठणीत, आतलं आत ठाऊक. त्यामुळे कात्रजच्या जुन्या घाटात माझा नियम ठरलेला: चढताना दम लागेल तेवढा लागू द्यायचा, उतरताना ब्रेकवरचा हात काढायचा नाही.

दूधवाल्याची सायकल हप्ते फेडत होती. माझी एक पैसाही मिळवत नाही. उलट दरवर्षी तिची किंमत घटते. बँकेत याला घसारा म्हणतात. तो माझ्यावरही चालू आहे, आणि थांबवण्याची सोय कुठल्याच खात्यात नाही. वस्तू वापरात ठेवणं तेवढं आपल्या हाती असतं.