अम्मी-अब्बांनंतर कोण? दिव्यांगांची निवासी संस्था पारखताना

पोलिओने पाय गेलेला मुलगा चाळिशीला आला आहे. अम्मीचे गुडघे दुखतात. अब्बांना आता त्याला उचलून न्हाणीघरात नेणं जमत नाही. आपल्या मोहल्ल्यांत अशी घरं कमी नाहीत. कुठे अपघातात कंबरेखालचं अंग गेलेला तरुण असतो, कुठे स्नायूंच्या आजाराने खिळलेली बहीण. ‘आमच्यानंतर याचं कसं होईल?’ हा प्रश्न आई-वडिलांच्या मनात रोज असतो, पण तोंडावर येत नाही. नातेवाईक म्हणतात, भाऊ-भावजय पाहतील. भावजयीला मात्र कुणी विचारलेलं नसतं, आणि ज्याचं आयुष्य आहे त्यालाही नाही.

निवासी संस्थेचं नाव काढलं की लगेच ऐकू येतं, ‘लोक म्हणतील, पोराला संस्थेत टाकलं.’ संस्थेत ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. पण कुठल्याही संस्थेत ठेवलं की आपली जबाबदारी संपली, हेही खरं नव्हे. प्रश्न एवढाच आहे की चांगली संस्था ओळखायची कशी?

या प्रश्नावर इंग्लंडमधल्या एका संस्थेचा इतिहास फार शिकवतो. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक लिओनार्ड चेशायर यांनी 1948 मध्ये हॅम्पशायर परगण्यात ‘ले कोर्ट’ नावाच्या जुन्या वाड्यात असाध्य रुग्णांसाठी घर सुरू केलं. त्यातून चेशायर होम्स जगभर पसरली. 1950 च्या दशकात मुंबईत अंधेरीलाही एक उभं राहिलं. हेतू नेक होता. जेवण, अंथरूण, औषध मिळत होतं. तरीही ले कोर्टमधले रहिवासी व्यवस्थापनाशी भांडले. रात्री कधी झोपायचं हे आम्ही का ठरवू नये? बाहेर जायला प्रौढ माणसाला परवानगी का लागावी? असे त्यांचे प्रश्न होते. त्यांत पॉल हंट हा स्नायूंच्या आजाराने व्हीलचेअरवर असलेला तरुण पुढे होता.

रहिवाशांच्याच आग्रहातून एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन या दोन अभ्यासकांनी अशा संस्थांची पाहणी केली. त्यांचं पुस्तक 1972 मध्ये आलं. त्यात त्यांनी संस्थांचे दोन नमुने सांगितले. एक गोदामाचा : माणूस आत घ्यायचा, खाऊपिऊ घालायचं, जिवंत ठेवायचं. दुसरा बागेचा : रोपाला पाणी घालावं तसं प्रत्येकाचे गुण वाढवायचे. पण अशा संस्थेत पाऊल ठेवणारा माणूस समाजाच्या लेखी मेल्यासारखाच असतो, हे अभ्यासकांनी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. हंट यांना याचाच संताप आला. समाजाने आम्हाला वेगळं काढलं आहे, तेच बदला, असं त्यांचं म्हणणं होतं. 1972 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘गार्डियन’ वृत्तपत्रात पत्र लिहून दिव्यांगांना संघटित होण्याची हाक दिली. पुढे ले कोर्टमधले काही रहिवासी सरकारी पैशातून मदतनीस मिळवून स्वतःच्या घरांत राहायला गेले. म्हणजे देखभालीचा कस फक्त जेवण-अंथरुणावर लागत नाही, निर्णय कोण घेतो यावरही लागतो.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूरचं आहे. नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात पक्षाघाताने व्हीलचेअरवर आल्या. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘घरौंदा’ वसतिगृह झालं, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं काम सुरू झालं. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन घरातल्या सर्वांनी वाचावं. चालवणारी व्यक्तीच व्हीलचेअरवर असली की उंबरा किती उंच आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपण संस्था पाहायला जाऊ तेव्हा काय पाहावं? इमारतीचा रंग आणि देणगीदारांच्या नावाची फरशी पाहून परत येऊ नये.

पहिली गोष्ट शरीराची. कण्याला इजा झालेल्या माणसाला बधिर भागातलं दुखणं कळत नाही. एकाच कुशीवर पडून राहिलं की कातडी सडते आणि बेडसोअर होतात. ते हाडापर्यंत जातात, जीवही घेतात. म्हणून अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तेव्हा विचारावं, ‘रात्री दोन वाजता कूस बदलायला कोण येतं?’ उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून घ्यावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. मदतनीस कमी असले की ‘पाणी कमी प्या’ असं सांगितलं जातं, म्हणजे सारखं लघवीला न्यावं लागत नाही. यातून लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो, मुतखडे होतात. पाण्याचा तांब्या रहिवाशाच्या हाताशी आहे की कोपऱ्यात, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

तिसरी अब्रूची. अंघोळीला पडदा आहे का? बायकांची कामं बायकाच करतात का? कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची, हे रहिवाशाला माहीत आहे का? स्वतःचा मोबाइल त्याच्याजवळ असतो का?

चौथी त्याच्या मर्जीची. उठायचं कधी, भेटायचं कुणाला, पेन्शनचे पैसे खर्चायचे कशावर? नमाजीला वेळेवर वुजूचं पाणी किंवा तयम्मुमची सोय मिळते का? आणि तो नको म्हणाला, तर त्याच्या ‘नको’लाही किंमत आहे का? हे सगळं व्यवस्थापकांच्या समोर न विचारता रहिवाशांशी एकट्याने बोलून विचारावं.

कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणायला संकोचू नये. त्याच कायद्यात समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे आणि अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती दिव्यांगावर करता येत नाही. तक्रारीसाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

यूडीआयडी कार्ड, बँकेचं खातं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आणि घराच्या हिश्शाची कागदपत्रं आई-वडील हयात असतानाच व्हावीत. जागा पसंत पडली तरी आधी महिनाभर राहून पाहावं. प्रवेश झाल्यावर भावा-बहिणींनी वार ठरवून भेटायला जावं, अधूनमधून न कळवताही जावं. ज्याला भेटायला माणसं येतात, त्याच्याकडे संस्थेतही लक्ष दिलं जातं. ईदला त्याला घरी आणावं.

पण या सगळ्याच्या आधी त्याला समोर बसवून विचारावं, ‘तुला कुठे राहायचंय?’ उत्तर अवघड असेल. कदाचित त्याला संस्था नकोच असेल, घरात एक रॅम्प आणि पगारी मदतनीस हवा असेल. कदाचित भावजयीवर ओझं होण्यापेक्षा त्याला समवयस्कांत राहायचं असेल. जे असेल ते अम्मी-अब्बा हयात आहेत तोवर त्यांच्या कानावर पडायला हवं.