घंटा का वाजली नाही?

लॅपटॉपचे झाकण मिटले की पडदा मालवतो आणि यंत्र झोपी जाते, हे तुम्ही पाहिले असेल. पण झाकण मिटल्याचे यंत्राला कळते कसे? बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसा चुंबक आणि कळफलकाच्या बाजूला एक संवेदक असतो. विद्युत्प्रवाह वाहत असलेल्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली हा परिणाम शोधून काढला. झाकण मिटताच चुंबक संवेदकाजवळ येतो आणि या दाबावरून झाकण मिटल्याचे समजते.

समजते खरे, पण कोणाला? मुख्य प्रोसेसरला नव्हे! झाकण, चार्जर, बॅटरी यांवर लक्ष ठेवण्यासाठी लॅपटॉपमध्ये एक वेगळा, छोटा प्रोसेसर असतो. त्याचे नाव एम्बेडेड कंट्रोलर. आपण त्याला पहारेकरी म्हणू. लॅपटॉप झोपला तरी हा पहारेकरी जागाच असतो.

काही घडले की पहारेकरी त्याची नोंद ठेवतो आणि मुख्य प्रोसेसरकडे एक विद्युत्संकेत पाठवितो. या संकेताला इंटरप्ट म्हणतात. ही नुसती घंटा असते. काय घडले, हे घंटेवरून कळत नाही. घंटा ऐकून ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली पहारेकऱ्याकडे चौकशी करते आणि नोंद उचलते. ‘काही घडले का?’ असे सारखे विचारीत राहण्यापेक्षा ही पद्धत काटकसरीची. वेळ वाचतो, वीजही वाचते.

पण या पद्धतीत एक खोच आहे. समजा, दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी गावातल्या एका शाळेच्या दारावर टपालपेटी लावली. पेटीत आठच पत्रे मावतात. नवे पत्र आत पडले की घंटा वाजते आणि शिपाई येऊन पेटी रिकामी करतो. सुट्टीत शिपाई नसताना आठ पत्रे येऊन पडली. सुट्टी संपली, शिपाई हजर झाला आणि घंटेची वाट पाहत बसला. पेटी भरलेली, म्हणून नवे पत्र आत पडत नाही. पत्र पडत नाही, म्हणून घंटा वाजत नाही. आणि घंटा वाजत नाही, म्हणून पेटी रिकामी होत नाही!

सॅमसंग कंपनीच्या काही लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालविणाऱ्यांना नेमका हाच अनुभव आला. लॅपटॉप झोपेत असताना चार्जर काढला-लावला, झाकण उघडले-मिटले, बॅटरीची पातळी बदलली, की पहारेकरी नोंदी साठवीत राही. साधारण आठ नोंदी झाल्या की जागा संपे, आणि मग नव्या घटनांचे संकेत येणेच थांबे. लॅपटॉप जागा झाला तरी ही कोंडी सुटत नसे. एवढेच काय, तो बंद करून पुन्हा चालू केला तरी ती कायम राही.

परिणाम काय होई? चार्जर काढल्याचे यंत्राला कळतच नसे. गावात वीज गेली आणि लॅपटॉप मात्र चार्जर जोडलेलाच आहे असे समजत राहिला, तर बॅटरी संपत आल्याची सूचना कोण देणार? लिहीत असलेला प्रकल्प क्षणात नाहीसा व्हायचा. झाकण मिटले तरी यंत्र जागेच राहिले, तर ते दप्तरात तापणार आणि बॅटरीही संपणार.

यावर २०१४ साली लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये उपाय करण्यात आला. यंत्र सुरू होताना आणि झोपेतून उठताना ड्रायव्हरने घंटेची वाट पाहायची नाही. आपण होऊन एकेक नोंद मागायची, आणि ‘आता काही शिल्लक नाही’ असे उत्तर येईपर्यंत मागत राहायचे. पण पहारेकऱ्यातच बिघाड असेल आणि ते उत्तर कधी आलेच नाही तर? म्हणून शंभर वेळांची मर्यादाही घातली. पेटी रिकामी झाली आणि घंटा पुन्हा वाजू लागली.

गोष्ट येथे संपत नाही. पुढे ड्रायव्हरमध्ये सुधारणा झाल्या, तेव्हा या उपायाची आता गरज नाही असे वाटून तो काढून टाकण्यात आला. पण काही सॅमसंग यंत्रांना तो हवाच होता, असे दिसून आले आणि २०१९ साली तो परत घालावा लागला. एखादी ओळ निरुपयोगी दिसते म्हणून खोडण्यापूर्वी ती कोणी, कशासाठी लिहिली होती, हे पाहणे बरे!

हा खेळ वर्गात करून पाहा. एक जण पहारेकरी, एक जण ड्रायव्हर. एक डबा, एक घंटा आणि चिठ्ठ्या घ्या. डब्यात आठच चिठ्ठ्या ठेवायच्या, असा नियम करा. ड्रायव्हरला थोडा वेळ वर्गाबाहेर पाठवा आणि कोंडी कशी होते ते पाहा. मग एका प्रश्नावर विचार करा: डबा आठाऐवजी सोळा चिठ्ठ्यांचा केला, तर दोष नाहीसा होईल, की फक्त उशिरा प्रकट होईल?