नाव नको, गाव सांगा!

रात्री अकरानंतर हॉस्टेल झोपतं, असं फक्त रेक्टरना वाटतं. त्या वेळात कॉलेज रेडिओवर गाणी लावत बसण्याचे फंडे, आणि एका माइकमागून दिसलेला महाराष्ट्र!

रात्री सव्वाअकराला ऑफिसच्या कॅबमध्ये बसलेला माणूस काय करतो? मेल बघून झालेला असतो, डोळ्यांवर झोप असते पण येत नसते, शेजारचा सहकारी मात्र मस्त घोरत असतो. मग कानात इअरफोन. प्लेलिस्ट त्याला हवं तेच गाणं ऐकवते, कारण तिला त्याची आवड पाठ असते. पण 'काय रे, आज लय दमलास ना?' असं प्लेलिस्ट कधी विचारत नाही. ते काम रात्रीच्या आरजेचं. बॉस, जगातला सगळ्यात कमी ग्लॅमरस आणि सगळ्यात सही जॉब आहे हा. मी दोन वर्षं केलाय. तोही फुकट!

मी पुण्यात मास कॉमला होते, तेव्हा आमच्या कॉलेजचा एक इंटरनेट रेडिओ होता. टॉवर नाही, फ्रीक्वेन्सी नाही. एक कॉम्प्युटर, एक मिक्सर, दोन माइक आणि कधीही राम म्हणणारं वाय-फाय. आठवड्यातून तीन रात्री, ११ ते १२ माझा शो. ऐकणारे चांगल्या दिवशी दीडशे. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र आकडा डबल. अभ्यास न करण्याचं एवढं सोज्वळ कारण दुसरीकडे कुठे मिळणार?

थोडी हिस्टरी, झटपट

२००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि विद्या बालनचं 'गुड मॉर्निंग मुंबई' ऐकून निम्म्या देशाला आरजे व्हावंसं वाटलं. पण कॉलेजच्या पोरांच्या हातात माइक त्याच्याही आधी आला होता. आकाशवाणीनं दिल्लीत 'युववाणी' सुरू केली ती १९६९ मध्ये. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, एकट्या सरकारची नाही. तरी कॉलेजांना स्वतःचं केंद्र काढायची परवानगी मिळायला डिसेंबर २००२ उजाडला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं २००४ मध्ये देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र सुरू केलं. पाठोपाठ २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर, आणि २००८ मध्ये मुंबई विद्यापीठाचं 'रेडिओ मस्ट' १०७.८ वर आलं. मधे २००६ मध्ये नियम सैल झाले आणि सामाजिक संस्थांनाही परवाने मिळायला लागले. त्यातूनच २००८ मध्ये साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' बोलू लागली.

या सगळ्या केंद्रांचं दुखणं एकच. ताकद १०० वॉट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंच. म्हणजे आवाज जाणार साधारण दहा किलोमीटर. विद्यापीठाच्या गेटवरून निघालेली बस पिंपरी ओलांडेपर्यंत गाणं खरखरायला लागणार. गावाकडे कुणी ऐकेल, हा विषयच नाही!

रोहिणखेडचं आकाश

आणि माझं गाव रोहिणखेड. बुलडाणा जिल्हा, मोताळा तालुका. तुम्ही नाव ऐकलं नसेल, काही हरकत नाही. गावात १५८२ सालची एक छोटी, देखणी मशीद आहे आणि इतिहासाच्या जाड पुस्तकांत आमच्या नावावर दोन लढाया आहेत. त्यानंतर गावानं बातमीत यायचं जवळपास सोडूनच दिलं.

पण रेडिओ ऐकायला आमचं गाव झकास! दिवसा जळगाव केंद्र लागायचं. रात्र झाली की आजोबांचा ट्रान्झिस्टर वेडा व्हायचा. कुठून कुठून भाषा यायच्या, मधेच शिट्टी, मधेच एखादी तान. लहानपणी मला वाटायचं, की रात्री लोक जोरात बोलतात. खरं कारण मास कॉमला कळलं. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग त्या लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. एफएमला हे जमत नाही, त्याची धाव नजरेच्या टप्प्याएवढी. म्हणजे बघा, रात्र हीच जुन्या रेडिओची खरी रेंज होती.

त्या रेंजवरच झुमरीतलैया नावाचं गाव देशभर फेमस झालं. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली. पुढे फर्माइशींच्या जमान्यात झारखंडमधल्या या गावातून एवढी पत्रं जायची, की काहींना हे गाव काल्पनिकच वाटायचं. आमचे आजोबाही पोस्टकार्ड टाकायचे. नाव कधी लागलं का, ते विचारलं की म्हणायचे, "हाव, एकदा लागलं. पन तवा लाइट गेल्ती." ट्रान्झिस्टर सेलवर चालतो, हे त्यांना कुणी सांगायचं!

गोधडीतला स्टुडिओ

आता आमच्या शोची अडचण ऐका. शो रात्री अकराला आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद साडेनऊला. मुलगे स्टुडिओत थांबू शकत होते, मुलींना परवानगी नव्हती. कारण विचारलं की 'तुमच्याच सेफ्टीसाठी' हे ठरलेलं उत्तर. अर्ज केले, मॅडमना भेटलो, पालकांची पत्रं आणली. नियम काही हलला नाही. मग रात्रीचा स्लॉट मुलांना देऊन मुलींनी दुपारी 'हेल्थ टिप्स' करायच्या का? छे!

मी रूममध्येच स्टुडिओ थाटला. लॅपटॉप, यूएसबी माइक आणि डोक्यावरून आईनं शिवलेली गोधडी. गोधडी का? रिकाम्या भिंतींवर आवाज घुमतो, जाड कापड तो घुमारा शोषून घेतं. लाखभर रुपयांचा फोम जे करतो, त्यातलं बरंचसं चार जुनी लुगडी करतात. मे महिन्यात आत जीव जायचा, ते वेगळं. आजी फोनवर म्हणायची, "एवढ्या रातच्याला कोनाशी बोलून रायली वं पोरी?" काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

म्हणून मी एक नियम केला : फर्माइश पाठवताना नाव नको, गाव सांगा. रेडिओच्या पानावर एक चौकट होती, तिथं लिहिलेलं फक्त माझ्या स्क्रीनवर दिसायचं. हॉस्टेलमध्ये नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी मेसमध्ये चिडवाचिडवी फिक्स. गाव घेतलं तर कोण ओळखणार? आणि काय गावं आली म्हणून सांगू! मेहकर, अक्कलकुवा, मंगळवेढा, कणकवली, अहेरी, लोणार. रात्री बारा वाजता 'देऊळगाव राजाकडून निपाणीसाठी' असं म्हणताना मला एसटीच्या कंट्रोलरसारखं वाटायचं.

सिनेमाची गाणी लावायची म्हणजे हक्कांचे पैसे मोजा. आमचं बजेट चहापुरतं. म्हणून निम्मा तास पोरापोरींनी स्वतः गायलेलं, घरून रेकॉर्ड करून आणलेलं लावायचो. कुणी काकांचं भजन आणलं, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे तेव्हाच वाचलं. इकडे एका ओवीवर तीन तालुक्यांतून मेसेज यायचे, 'आमच्याकडे शेवटची ओळ वेगळी आहे.' चित्रपटगीताला असा भाव कधी मिळाला नाही.

बाराला पाच कमी

एका रात्री चौकटीत मेसेज आला. गाव नव्हतं. 'उद्या पहाटेच्या गाडीनं सामान घेऊन घरी चालले. परत येणार नाही. कुणाला सांगितलं नाही. वर्गात बोलले की हसतात. एक गाणं लावाल?'

तोवर मी शोमध्ये अगदी पॉलिश्ड बोलायचे. त्याला कारण होतं. एका खाजगी केंद्राच्या ऑडिशनमध्ये मला सांगण्यात आलं होतं, "आवाज छान आहे, तो गावाकडचा टोन तेवढा काढा." आमच्याकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात, केळीला 'केयी'. तो 'य' गिळायला मी वर्षभर आरशासमोर खपले होते. त्या रात्री मात्र मी फेडर वर केला आणि सरळ घरच्यासारखं बोलले. "काऊन चालली वं बाई? हसतात त हसू दे ना. मले बी हासत होते. ज्याले ज्याले पयल्या वर्षी हासले, त्यायनं आपापल्या गावचं नाव पाठवा."

गाणं चार मिनिटांचं होतं. तेवढ्यात चौकटीत एकतीस गावं आली. मी एकेक वाचत गेले, दुसरं काहीच बोलले नाही. बारा वाजून गेले तरी वाचत होते.

ती पहाटे गेलीच. मेसेज वाचून मुलगी थांबली, असं फक्त सिनेमात होतं. पण तिच्या वर्गातल्या दोघी शो ऐकत होत्या, त्यांना 'ती' कोण हे कळलं आणि त्या रिक्षा करून स्टँडवर गेल्या. गाडी सुटेपर्यंत तिच्याजवळ बसल्या, पुढे महिनाभर नोट्स पाठवत राहिल्या. दिवाळीनंतर चौकटीत दोन ओळी आल्या : 'परत आले. बॅकलॉग दोन.' आणि या वेळी गावाचं नावही होतं. ते मी इथं लिहिणार नाही, नियम म्हणजे नियम. त्या रात्रीपासून पॉलिश मात्र मी कायमचं उतरवलं. ऐकणारे कमी झाले नाहीत. उलट अहेरीच्या पोरानं लिहिलं, 'आता तुम्ही खरंच जाग्या आहात असं वाटतं.'

तुम्हालाही माइकमागे बसायचंय?

ऑफिसच्या ग्रुपसाठी असो, सोसायटीसाठी असो की एखाद्या कम्युनिटी रेडिओवर पाहुणे म्हणून, हे फंडे लक्षात ठेवा :

• 'श्रोतेहो' म्हणू नका. रात्री माणूस एकटाच ऐकतो, एकाशीच बोला.

• गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर बोला, पण गायकानं तोंड उघडायच्या आत गप्प बसा.

• दोन-तीन सेकंद शांतता चालते, रात्री ती छानच वाटते. त्यापुढे गेली की ऐकणारा नेट तपासायला लागतो.

• तुम्ही आरजे आहात, डॉक्टर नाही. कुणी फार खचलेलं वाटलं तर सल्ले देत बसू नका, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर द्या. ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलते.

• स्टुडिओ नाही? गोधडी आहे ना!

• आणि टोन काढायला सांगणाऱ्यांना एवढंच विचारा, की तुमचं गाव कोणतं?