डबा बंद आहे, पण किती बंद?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी शेतात मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर लावले होते. सर्किटसाठी बाजारातून ‘आयपी ६७’ लिहिलेले प्लास्टिकचे डबे आणले. झाकणाला रबरी गॅस्केट, चार स्क्रू, केबलला ग्लँड. पावसाळ्यानंतर उघडून बघते तर आत पाण्याचे थेंब आणि बोर्डावर हिरवट गंज. आकडे कोणत्या दिवसापासून चुकायला लागले, हे सांगता येईना, म्हणून सगळाच डेटा टाकावा लागला. गाईडनी एवढंच विचारलं, “डबा सीलबंद होता म्हणतेस, पण किती?” मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी आयपी ६७ चा अर्थ बघू. ६ म्हणजे आत धूळ जात नाही. ७ म्हणजे डबा १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवला तरी अपाय होईल इतकं पाणी आत जात नाही. ही चाचणी द्रव पाण्याची आणि अर्ध्या तासाची आहे. बाष्पाबद्दल आणि चार महिन्यांच्या पावसाळ्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

शिवाय डबा श्वास घेतो! उन्हात आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली आणि थोडी बाहेर निघून गेली. मग अचानक सर आली, हवा २५ अंशांवर उतरली. आतला दाब सुमारे १० टक्क्यांनी घटतो. हा फरक जवळपास १ मीटर पाण्याच्या दाबाइतका होतो. झाकणावर पाणी साचलेलं असताना डबा ते आत ओढतो. आणि हे रोज घडतं.

गॅस्केट अगदी घट्ट बसवलं तरी प्रश्न सुटत नाही. रबर, प्लास्टिक, इपॉक्सी, सिलिकोन या सगळ्यांतून पाण्याचे रेणू हळूहळू झिरपतात. म्हणून खरं हर्मेटिक आवरण धातू, काच किंवा सिरॅमिकचंच असतं. यातली अवघड जागा म्हणजे तार बाहेर येते ती. धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावले तर काच तडकते. त्यासाठी कोव्हार हा लोह, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू वापरतात. त्याचं प्रसरण बोरोसिलिकेट काचेशी जुळतं.

पेसमेकरचा इतिहास इथे वाचण्यासारखा आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर इपॉक्सीत ओतलेला होता. पुढेही बरीच वर्षं पूर्ण सीलबंद करणं जमेना, कारण तेव्हाच्या पारा-जस्त बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटायचा. १९७० च्या दशकात वायू न सोडणारी लिथियम-आयोडीन बॅटरी आली, तेव्हा कुठे टायटॅनियमचं वेल्ड केलेलं कवच शक्य झालं. म्हणजे आवरणाचा प्रश्न बॅटरीने सोडवला.

आता ‘किती’ कडे वळू. गळती मोजतात हेलियमने. समजा आवरणाची आतली जागा ०.१ घन सेंटीमीटर आहे आणि १ वातावरण दाबफरकाला हेलियमची गळती सेकंदाला १ घन सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. ऐकायला नगण्य, नाही का? भागाकार करा: १ कोटी सेकंद, म्हणजे सुमारे ११६ दिवस. इतक्या काळात आतबाहेरचा फरक बराचसा मिटतो. अशा बारीक फटीतून पाण्याचा रेणू हेलियमपेक्षा साधारण २.१ पट हळू जातो. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेत बाष्प सुमारे ३५,००० पीपीएम असतं. या हिशोबाने कोरड्या आवरणात ५,००० पीपीएम बाष्प शिरायला पाच-सहा आठवडे पुरतात.

५,००० हाच आकडा का? अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-८८३ या मानकातली ती मर्यादा आहे. एवढंच बाष्प असेल तर ते शून्य अंशाखालीच साचतं, म्हणजे हिम होऊन. द्रव पाण्याचा पातळ थर बनत नाही, आणि गंजायला तोच थर लागतो.

चाचणीतही एक गंमत आहे. आवरण आधी हेलियमच्या दाबाखाली ठेवतात, मग बाहेर येणारा हेलियम मोजतात. भोक मोठं असेल तर मोजणीआधीच सगळा हेलियम उडून जातो आणि यंत्र म्हणतं, गळती नाही! म्हणून मोठ्या गळतीची, बुडबुडे बघण्याची चाचणी वेगळी करावीच लागते. कुठल्याही उपकरणाने ‘शून्य’ दाखवलं, तर ते शून्य आणखी कशामुळे येऊ शकतं, हे विचारायची सवय लावून घ्या.

मग मी काय केलं? शेतातल्या सेन्सरला टायटॅनियम परवडत नाही, आणि त्याची गरजही नव्हती. बोर्डावर संरक्षक लेप दिला आणि डब्याला हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं व्हेंट बसवलं, म्हणजे दाबाचा फरक साचत नाही. आणि प्रत्येक डब्यात एक छोटा आर्द्रता-सेन्सर ठेवला. पुढच्या पावसाळ्यात दोन डबे तरीही ओले झाले. पण या वेळी कोणत्या तारखेपासूनचे आकडे वगळायचे, हे मला माहीत होतं.