नात्याच्या आतलं नातं : ओआरएमला प्रश्न विचारताना

टेबलं आणि त्यांच्यातली नाती आपल्याला माहीत आहेत असं धरून पुढे जाऊ. आजचा प्रश्न असा, की एका नात्यातून दुसऱ्यात शिरून माहिती मागितली, तर ओआरएम नेमकं काय करतो?

उदाहरण इथलंच घेऊ. शीव कोळीवाडा हा विधानसभेचा १७९ क्रमांकाचा मतदारसंघ. लोकसभेसाठी तो मुंबई दक्षिण मध्यमध्ये येतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा, प्रत्येकीत विधानसभेचे ६ मतदारसंघ, एकूण २८८. मग जिल्ह्याचा रकाना कुठे ठेवायचा? लोकसभेच्या टेबलात ठेवला, तर फसलो. शीव कोळीवाडा, धारावी, वडाळा, माहीम हे मुंबई शहर जिल्ह्यात आहेत. अणुशक्तीनगर आणि चेंबूर मात्र उपनगर जिल्ह्यात. म्हणून जिल्हा विधानसभेच्या ओळीलाच जोडायचा.

आता प्रश्न: उपनगर जिल्ह्यातला, अनुसूचित जातींसाठी राखीव असा विधानसभा मतदारसंघ कोणत्या लोकसभा मतदारसंघात आहे? जँगोमध्ये दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये दिल्या, की उत्तर एकच येतं: मुंबई उत्तर मध्य, कारण त्यात कुर्ला आहे. पण त्याच अटी दोन फिल्टरांत एकापुढे एक लिहिल्या, तर दक्षिण मध्यही आत शिरतो! असं का? दुसरा फिल्टर विधानसभेचं टेबल नव्याने जोडतो. मग दोन्ही अटी एकाच मतदारसंघाने पाळायची गरज उरत नाही. धारावी राखीव, चेंबूर उपनगरातलं, झालं काम.

वर ओळीही वाढतात. दक्षिण मध्य २ वेळा (एक राखीव, उपनगरातले दोन), उत्तर मध्य ६ वेळा, एकूण ८. डिस्टिंक्ट लावलं की २ उरतात आणि यादी नीटनेटकी दिसते. चूक मात्र तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. पुनरावृत्ती दिसली, की आधी जोड तपासायची, मग डिस्टिंक्ट.

दुसरी गोष्ट वेगाची. ४८ जागांवर लूप फिरवून प्रत्येकीचे मतदारसंघ मागितले, तर ४९ क्वेरी जातात. प्रीफेच रिलेटेडने त्या २ होतात. उलट, विधानसभेकडून वर लोकसभेकडे जायचं, तर सिलेक्ट रिलेटेड एकाच क्वेरीत जोड करून आणतो.

थोडक्यात, प्रश्न आधी मराठीत मांडा, 'एकाच ओळीने दोन्ही अटी पाळायच्या का?' हे ठरवा, आणि तयार झालेलं एसक्यूएल एकदा छापून वाचा.