दगडासाठी टाकलेले रूळ : वेल्समधील नॅरोगेज रेल्वे आणि त्यांचा जीर्णोद्धार

वेल्सच्या वायव्य भागातील डोंगरांत पाटीच्या दगडाचे, म्हणजे स्लेटचे, मोठे साठे आहेत. हा दगड छिन्नीने फोडला की त्याचे पातळ, सपाट पापुद्रे निघतात. ते पाणी शोषत नाहीत आणि शंभर वर्षे छपरावर टिकतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये गिरण्यांची शहरे वाढली आणि त्यांतल्या घरांच्या छपरांसाठी या दगडाला अफाट मागणी आली. खाणी मात्र डोंगरात होत्या आणि बंदर खाली समुद्रकाठी. फेस्टिनिऑगच्या खाणीतला माल आधी खेचरांवर आणि गाड्यांत लादून नदीपर्यंत, मग लहान होड्यांतून खाडीपर्यंत आणि तिथे पुन्हा जहाजात चढवावा लागे. प्रत्येक चढउतारात दगड फुटत असे. या अडचणीवर उपाय म्हणून डोंगराच्या कडेने अरुंद रूळ टाकले गेले.

१८३२ मध्ये ब्रिटिश संसदेने फेस्टिनिऑग रेल्वेचा कायदा मंजूर केला आणि १८३६ मध्ये रेल्वे सुरू झाली. डब्लिनचे हेन्री आर्चर यांनी भांडवल उभे केले, तर मार्गाची आखणी जेम्स स्पूनर यांनी केली. दोन रुळांमधले अंतर (गेज) दोन फुटांनाही किंचित कमी, म्हणजे १ फूट ११½ इंच, ठेवले होते. इतक्या अरुंद मार्गाला डोंगराच्या कुशीत घट्ट वळणे घेता येतात आणि खोदकामही बेताचे लागते. ब्लायनाय फेस्टिनिऑग ते पोर्थमॅडॉग या साडेतेरा मैलांत स्पूनर यांनी जवळजवळ सलग, एकसारखा उतार साधला. वाटेत दरी लागली तिथे चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून भराव उभे केले. त्यांतला केई माउर हा भराव ६२ फूट उंच आहे आणि आजही त्याच्यावरून गाड्या जातात.

उतार इतका काटेकोर ठेवण्याचे कारण असे की पहिली सत्तावीस वर्षे या रेल्वेला इंजिनच नव्हते. दगडाने भरलेल्या वाघिणींची माळ वरच्या टोकाला सोडली की ती आपल्याच वजनाने खाली येई. वाघिणींवर बसलेले ब्रेकमन हातब्रेकने वेग आवरत. घोडे याच गाडीला जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून, चारा खात खाली येत आणि परतीच्या वाटेला रिकाम्या वाघिणी ओढत वर नेत. उतरायला सुमारे दीड तास लागे, चढायला जवळजवळ सहा. शेवटचा सुमारे मैलभराचा सपाट टप्पा कॉब या बांधावरून जातो. विल्यम मॅडॉक्स यांनी खाडी अडवून १८११ मध्ये पुरा केलेला हा बांध रेल्वेला आयताच मिळाला.

मागणी वाढत गेली तसे घोडे अपुरे पडू लागले. दोन फुटी रुळांवर वाफेचे इंजिन चालू शकणार नाही असे त्या काळातले बहुतेक अभियंते मानत. जेम्स यांचे पुत्र चार्ल्स स्पूनर यांनी १८६३ मध्ये लंडनच्या जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यातून छोटी इंजिने आणवून ही समजूत खोटी ठरवली. १८६५ पासून रीतसर प्रवासी गाड्याही सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये नॅरोगेजवर प्रवासी वाहतूक करणारी ही पहिली रेल्वे. त्या वेळचे चारचाकी डबे अजून आहेत. अगदी ठेंगणे, मधल्या फळीला पाठ टेकून दोन रांगांत प्रवासी बसणार आणि त्यांचे गुडघे खिडकीला लागणार. वजन चाकांच्या मधोमध राहावे आणि डबा कलंडू नये म्हणून ही पाठीला पाठ लावून बसण्याची रचना.

पुढची झेप रॉबर्ट फेअर्ली यांच्या दुतोंडी इंजिनाची. १८६९ मध्ये आलेल्या 'लिटल वंडर' या इंजिनाला बॉयलर दोन्ही बाजूंना, धुराडी दोन आणि आगीची पेटी मध्यभागी होती. खाली चाकांचे दोन स्वतंत्र संच, तेही वळणाप्रमाणे फिरणारे. त्यामुळे लांब आणि ताकदवान इंजिनही घट्ट वळणावरून सहज जाई. पेटी मधोमध असल्याने ड्रायव्हर एका बाजूला आणि फायरमन दुसऱ्या बाजूला उभा राहतो. १८७० मध्ये या इंजिनाच्या चाचण्या पाहण्यासाठी रशियापासून अनेक ठिकाणचे अभियंते आले. डोंगराळ, कमी भांडवलाच्या प्रदेशातही रेल्वे नेता येते हे जगाने इथे प्रत्यक्ष पाहिले. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ मध्ये आणि नेरळ-माथेरानची १९०७ मध्ये सुरू झाली, ती अशाच दोन फुटी रुळांवर. माथेरानच्या गाडीत बसलेल्या मराठी माणसाला फेस्टिनिऑगचा डबा, त्याची वळणावरची करकर आणि हाताला लागेलसा कडा अनोळखी वाटणार नाही.

विसाव्या शतकात कौले आणि परदेशी पाटी स्वस्त झाली, मोटारींनी प्रवासी पळवले आणि खाणी एकेक करून बंद पडत गेल्या. फेस्टिनिऑगची प्रवासी वाहतूक १९३९ मध्ये आणि मालवाहतूक १९४६ मध्ये थांबली. मात्र १८३२ च्या कायद्यात रेल्वे सुरू करण्याची तरतूद होती, ती मोडीत काढण्याची नव्हती. त्यामुळे कंपनीला रूळ उखडून भंगारात विकता आले नाहीत. इंजिने होती तिथेच गंजत राहिली, मार्गावर झुडपे माजली, पण मार्ग शाबूत राहिला. आज ही रेल्वे आहे ती मुख्यतः कायद्यातल्या या उणिवेमुळे.

रेल्वे वाचवण्याची पहिली प्रत्यक्ष कृती मात्र थोडी दक्षिणेला, टॅलिलिन रेल्वेवर झाली. टवुइन गावापासून डोंगरातल्या ब्रिन एग्लुइस खाणीकडे जाणारा हा सव्वासात मैलांचा मार्ग १८६५ चा. त्याचे गेज २ फूट ३ इंच, म्हणजे ब्रिटनमध्येही विरळाच. सुरुवातीच्या सरकारी तपासणीत असे दिसले की पुलांखालून जाताना डबा आणि भिंत यांत पुरेशी जागाच उरत नाही. गाडी पुलाखाली अडली तर माणूस बाहेर पडणार कसा? यावर असा तोडगा निघाला की डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करायची आणि पुलांखाली रूळ त्या बाजूला सरकवून दुसरीकडे जागा करायची. आजही टॅलिलिनच्या डब्यांत एकाच बाजूने चढता-उतरता येते.

१९११ पासून खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स यांच्या मालकीची होती. १९४६ च्या अखेरीस खाणीत कोसळ झाली आणि ती बंद पडली, पण आपण हयात असेपर्यंत रेल्वे चालवण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. १९४८ मध्ये ब्रिटनमधील रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा या लहानशा रेल्वेचे नाव यादीत आलेच नाही. जुलै १९५० मध्ये सर हेन्री वारले. ऑक्टोबरमध्ये लेखक आणि अभियंता टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा झाली आणि टॅलिलिन रेल्वे संरक्षण संस्था स्थापन झाली. विनामोबदला काम करणाऱ्या हौशी माणसांनी सार्वजनिक रेल्वे चालवायला घेतल्याचे हे जगातले पहिले उदाहरण. १४ मे १९५१ रोजी त्यांची पहिली गाडी निघाली.

त्या पहिल्या वर्षी कामाचे असे एकच इंजिन होते, १८६६ सालचे 'डॉलगॉख'. स्लीपर कुजलेले होते आणि कित्येक ठिकाणी रूळ जागेवर होते ते गवताच्या मुळांनी धरून ठेवल्यामुळे. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती. तिचे गेजही २ फूट ३ इंचच, म्हणून तिची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली. त्यांतले एक रुळांवर ठेवले, तर ते मधेच खाली घसरू लागले. इंजिनाची चाके अरुंद होती आणि टॅलिलिनचे जुने रूळ ठिकठिकाणी फाकले होते. म्हणजे इंजिन चालवायचे तर आधी मार्ग दुरुस्त करायला हवा होता. जीर्णोद्धाराचा हा पहिला धडा. धूर सोडणारे इंजिन पाहून लोक वर्गणी देतात, पण रेल्वे उभी राहते ती स्लीपर, खडी आणि पाणी वाहून नेणाऱ्या चरांवर. कारकून, शिक्षक, विद्यार्थी सुट्ट्या घालवून इथे फावडे चालवायला येत. रोल्ट यांनी या दिवसांवर पुस्तक लिहिले. पाद्री विल्बर्ट ऑड्री हेही इथले सुरुवातीचे स्वयंसेवक. 'टॉमस द टँक इंजिन' या मुलांच्या पुस्तकमालेतली स्कारलोई रेल्वे त्यांनी टॅलिलिनवरूनच घेतली.

टॅलिलिनचे पाहून फेस्टिनिऑगच्या मंडळींनाही बळ आले. १९५४ मध्ये ॲलन पेगलर यांनी कंपनीचा ताबा मिळवला आणि पुढच्या वर्षी जुलैत कॉबवरून पहिली गाडी धावली. एकेका स्थानकाने मार्ग वर सरकू लागला. वरच्या अंगाला मात्र वेगळेच संकट उभे होते. वीज मंडळाने टॅन-अ-ग्रिशाय येथे जलविद्युत प्रकल्पासाठी जलाशय बांधला आणि त्यात मार्गाचा एक तुकडा पाण्याखाली गेला. भरपाईसाठी कज्जा वर्षानुवर्षे चालला. निकालाची वाट न पाहता १९६५ मध्ये स्वयंसेवकांनी वळणमार्ग खोदायला घेतला. जलाशयाच्या पातळीवर जाण्यासाठी सुमारे ३५ फूट जास्त उंची हवी होती आणि तिथे लांब चढाला जागा नव्हती. म्हणून दिआल्ट स्थानकाजवळ मार्गाने गोल वेढा घेतला, जो आपल्याच रुळांना पुलाने ओलांडतो. ब्रिटनमधील सार्वजनिक रेल्वेवर असा वेढा दुसरा नाही. कडे फोडणे, दगड हलवणे, भराव घालणे हे बहुतेक काम हौशी हातांनी आणि थोड्याशा यंत्रांनी झाले. नव्या बोगद्यासाठी तेवढे कॉर्नवॉलच्या खाणीतले अनुभवी कामगार आणावे लागले. १९७८ मध्ये गाडी टॅन-अ-ग्रिशायला आणि १९८२ मध्ये ब्लायनायला पोचली. अडीच मैलांचा हा तुकडा या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे कर्तृत्व आहे. जुने इंजिन चमकवणारे पुष्कळ मिळतात, डोंगर फोडून रेल्वेला नवी वाट काढून देणारे हौशी लोक क्वचितच.

फेस्टिनिऑगच्या इंजिनांचे काम बॉस्टन लॉज कारखान्यात चालते. कॉबच्या टोकाला असलेला हा जगातल्या सर्वांत जुन्या रेल्वे कारखान्यांपैकी एक. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर सुमारे दर दहा वर्षांनी पूर्ण खोलावा लागतो. आतल्या नळ्या काढून पत्र्याची झीज मोजायची, आग सोसणाऱ्या पेटीला बाहेरच्या कवचाशी बांधून ठेवणारे शेकडो सळ्यांचे टेके तपासायचे, नव्या नळ्या बसवायच्या, मग थंड पाण्याच्या दाबाने आणि शेवटी वाफेवर चाचणी. निरीक्षकाची सही झाल्याशिवाय इंजिन गाडीला लागत नाही. १८६३ चे 'प्रिन्स' आजही धावते ते अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुरुस्त्यांवर. १८६७ चे 'वेल्श पोनी' तर कित्येक वर्षे पोर्थमॅडॉग स्थानकाबाहेर शोभेचे म्हणून उभे होते, ते २०२० मध्ये पुन्हा वाफेवर आले. दुतोंडी इंजिने आता फक्त राखली जात नाहीत, नवीही बांधली जातात. १९७९, १९९२ आणि २०२३ मध्ये अशी तीन इथेच तयार झाली. जुने टिकवण्यापेक्षाही मोलाचे म्हणजे ती बांधण्याची विद्या टिकली. कोळशाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. दक्षिण वेल्समधील फॉस-अ-व्हरान खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून या रेल्वेंना दूरदेशीच्या कोळशावर आणि कोळशाच्या भुकटीपासून बनवलेल्या गोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

शेजारच्या वेल्श हायलँड रेल्वेचे पुनरुज्जीवन या दोन रेल्वेंपेक्षा वेगळे. ती १९२३ मध्ये पूर्ण झाली, १९३७ मध्ये बंद पडली आणि १९४१ मध्ये रूळही उखडले गेले. उरले ते फक्त भराव, बोगदे आणि पुलांचे खांब. १९९७ मध्ये कर्नार्व्हनकडून सुरुवात करून, न्यायालये आणि सार्वजनिक चौकशा पार करत, २०११ मध्ये ती पोर्थमॅडॉगला पोचली. सुमारे २५ मैलांचा हा मार्ग स्नोडन पर्वताच्या पायथ्याने जातो आणि पोर्थमॅडॉगमध्ये चक्क रस्त्याच्या मधून, मोटारींच्या बरोबरीने, पूल ओलांडतो. इथे दक्षिण आफ्रिकेतून आणलेली गॅरेट नावाच्या प्रकारची इंजिने चालतात. ही इंजिने मूळ मार्गावर कधीच नव्हती असा आक्षेप घेतला जातो, पण चाळीसात एक असा चढ आणि लांब गाड्या त्यांनाच झेपतात. शिवाय त्यांतली बहुतेक मँचेस्टरलाच घडलेली आहेत. जगातले पहिले गॅरेट इंजिन, १९०९ चे, हेही याच मार्गावर धावले आहे.

वेल्समध्ये याखेरीज ॲबरिस्ट्विथची व्हेल ऑफ रायडॉल, दातेरी रुळांवरून स्नोडनवर चढणारी रेल्वे आणि वेल्शपूल-हलानव्हायर अशा आणखी रेल्वे चालू आहेत. शेवटची अडीच फुटी गेजची आहे. आपली बार्शी लाइट रेल्वे त्याच मापाची होती. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेटप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात फेस्टिनिऑग आणि टॅलिलिन या दोन्ही रेल्वेंचा समावेश आहे.

पाहायला जाणाऱ्याने पोर्थमॅडॉगला मुक्काम करावा. फेस्टिनिऑग आणि वेल्श हायलँड या दोन्ही गाड्या तिथल्या एकाच स्थानकातून सुटतात, आणि नेहमीच्या रुंद रुळांच्या किनारी रेल्वेने तिथून टवुइनलाही जाता येते. गाड्या मुख्यतः वसंत ते शरद या काळात धावतात, हिवाळ्यात दुरुस्तीची कामे निघतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. दोन्ही ठिकाणच्या संस्था परदेशी सभासद घेतात आणि रूळ बदलण्यापासून तिकिटे देण्यापर्यंतची कामे नवख्यालाही शिकवतात. ज्याला आठवडाभर सवड आहे त्याने नुसता प्रवास करून परतू नये, एखादा दिवस फावडे हातात घ्यावे.