खाडीकांठची पेढी

ओहोटीच्या वेळीं खाडीच्या कांठानें जातांना चिखलांत उभीं असलेलीं तिवर, चिपी व कांदळ हीं झाडें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलीं असतील. त्यांस फळबागेची शोभा नाहीं. सावलीस बसावें तर पाय रुततात, आणि डांसांचा उपद्रव निराळाच. त्यामुळें ही जागा पडीक आहे, तींत भर घालून तिचा कांहीं तरी उपयोग करावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु जिला आपण पडीक म्हणतों ती वस्तुतः एक पेढी आहे. तींत ठेव आहे, त्या ठेवीवर व्याज येतें, आणि तें व्याज मुख्यतः गरिबांच्या घरीं जातें, हें आम्ही या लेखांत दाखवूं इच्छितों.

प्रथम नित्याचें व्याज पाहूं. कांदळाचीं मुळें तिवईच्या पायांप्रमाणें खोडाभोंवतीं खालीं उतरतात; तिवराचीं मुळें बोटांसारखीं चिखलांतून वर येतात व हवा घेतात. या मुळांच्या जाळींत कोळंबीचीं, माशांचीं व खेकड्यांचीं पिलें मोठ्या माशांपासून लपून राहतात, आणि गळलेलीं पानें कुजून त्यांच्या अन्नाची सोय होते. हींच पिलें वाढून खाडींत व समुद्रांत जातात आणि पुढें कोळ्याच्या जाळ्यांत येतात. वन तुटलें म्हणजे हा पाळणाच मोडला. मग जाळें कितीही मोठें विणलें तरी त्यांत काय येणार?

दुसरा लाभ संकटकाळीं दिसतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलें व सुमारें १०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. मागाहून अभ्यासकांनीं भितरकनिका वनाच्या आसपासच्या तीन गांवांतील नुकसानीचा हिशेब केला. जें गांव खारफुटीच्या आड होतें, तेथें दर घरामागें नुकसान सुमारें ३३ डॉलर झालें. जेथें वनही नव्हतें व बांधही नव्हता, तेथें तें ४४ डॉलर झालें. आणि जेथें वन नव्हतें पण बांध होता, तेथें तें १५४ डॉलरांवर गेलें! बांध फुटून आंत शिरलेलें खारें पाणी बांधामुळेंच लवकर बाहेर जाईना. बांध वाईट असतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण केवळ त्याच्या भरंवशावर वन तोडणें शहाणपणाचें नव्हे, एवढें यावरून दिसतें.

हा हिशेब वर्गांत सांगत असतां एक विद्यार्थी उठून म्हणाला, "मास्तर, हें खरें, पण घरांत सरपण नसेल तर आईनें चूल कशानें पेटवावी?" त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून आम्हांस आढळलें कीं, या प्रश्नाचें उत्तर आफ्रिकेंतील केनिया देशाच्या किनाऱ्यावर गाझी येथील लोकांनीं दिलें आहे.

गाझीच्या उपसागरांतील खारफुटी १९७० नंतरच्या वर्षांत कारखान्यांच्या सरपणासाठीं बेसुमार तोडली गेली. १९९१ पासून तेथें पुन्हां रोपें लावण्यास आरंभ झाला. २०१३ सालीं ग्रामस्थांनीं 'मिकोको पमोजा', म्हणजे 'मिळून खारफुटी', या नांवाचें काम सुरू करून ११७ हेक्टर वनाची जबाबदारी घेतली. खारफुटीचीं झाडें व त्यांखालील चिखल हवेंतील कर्बवायु पुष्कळ सांठवून ठेवितात. दरवर्षीं सुमारें ३,००० टन कर्बवायूचें श्रेय हे लोक परदेशीं विकतात, आणि त्या पैशांतून गांवास पिण्याचें पाणी व शाळांस साहाय्य मिळतें. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास लागू पडणारी गोष्ट अशी कीं, सरपणाची अडचण जाणून त्यांनीं सुरूचीं झाडें निराळीं लावलीं. चुलीची सोय केल्यावांचून वनाचें रक्षण होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें.

तथापि चिखल दिसला कीं रोप खोंचावें, असें हें काम नाहीं. जेथें भरतीचें पाणी फार वेळ उभें राहतें तेथें कोंवळें रोप गुदमरून मरतें. कोठें पाण्याचा मार्ग भरावानें बंद झाला असेल, तर प्रथम तो मोकळा करावा. मग पुष्कळदां भरतीबरोबर आलेलें बीं आपोआपच रुजतें.

आपल्या महाराष्ट्रांत मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं खारफुटीच्या तोडीस मनाई केली, आणि २०१२ सालीं वन खात्यांत तिच्यासाठीं स्वतंत्र कक्ष निघाला. सिंधुदुर्गांत खेकडे पोसण्याचा धंदा खारफुटीच्या आश्रयानें चालतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत स्त्रिया पाहुण्यांस होडींतून खारफुटी दाखवून चार पैसे मिळवितात. झाड न तोडतांही त्यापासून मिळकत होते, याचीं हीं घरचींच उदाहरणें होत.

विद्यार्थिमित्रहो, व्याजावर संसार करणारा मनुष्य टिकतो. ठेव मोडून खाणारा थोडे दिवस सुखांत काढतो आणि मग मुलांच्या हातीं रिकामी थैली देतो. आपल्या खाडीच्या कांठची ठेव वाडवडिलांनीं मोडली नाहीं, म्हणून ती आज आपल्या दृष्टीस पडते. ती वाढवून पुढें द्यावी कीं भर घालून संपवावी, याचा निर्णय आतां पालकांनीं व तुम्हीं मिळून करावयाचा आहे. आणि तो करतांना त्या आईची चूल विसरूं नये.